बोनस चित्रफिती, बिटरेट आणि नेहमीचे गैरसमज: ब्ल्यू-रे पाहताना या चुका टाळा

"एक्स्ट्रा ठासून भरले, म्हणून सिनेमाचे चित्र बिघडले," हे वाक्य पुण्यातल्या ब्ल्यू-रे जमवणाऱ्या मंडळींत मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडताच माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. गेल्या पावसाळ्यात कोथरूडला एका मित्राच्या दिवाणखान्यात आम्ही चौघे बसलो होतो. पडद्यावरच्या एका अंधाऱ्या प्रसंगात चौकोनी ठिपके दिसू लागले, तेव्हा मित्राने लगेच डिस्कचे वेष्टन उलटे करून मागे छापलेली बोनस चित्रफितींची यादी वाचून दाखवली: निर्मितीकथा, गाळलेले प्रसंग, दिग्दर्शकाची मुलाखत आणि चित्रपट चालू असतानाच कोपऱ्यात उघडणारी छोटी चौकट. "एवढे कोंबल्यावर दुसरे काय होणार?" असा त्याचा निष्कर्ष होता. त्या चार गोष्टींपैकी तिघींचा त्या क्षणाच्या बिटरेटशी, म्हणजे सेकंदाला वाहणाऱ्या डेटाशी, काडीचाही संबंध नव्हता. चौथीचा होता, पण ठिपके तिच्यामुळे आलेले नव्हते. ते कशामुळे आले होते ते शेवटी सांगतो, कारण तिथवर पोहोचण्यासाठी आधी काही गैरसमज दूर करावे लागतील.

जागा आणि प्रवाह यांची गल्लत

सर्वांत मोठी आणि बाकीच्या बहुतेक चुकांना जन्म देणारी चूक म्हणजे डिस्कवरची जागा आणि डिस्कवरून सेकंदाला वाहणारा डेटा या दोन गोष्टी एकच समजणे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी २,००० लिटरची असो की १०,००० लिटरची, स्वयंपाकघरातल्या नळाला एका मिनिटात किती पाणी येणार हे त्या नळाच्या तोंडावर ठरते, हे पुणेकराला समजावून सांगण्याची गरज नाही. डिस्कचेही तसेच आहे. एकपदरी ब्ल्यू-रे डिस्कवर २५ जीबी आणि दुपदरी डिस्कवर ५० जीबी मावतात, ही झाली टाकी. चित्रपट चालू असताना चित्र, आवाज आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ मेगाबिट वाहू शकतात आणि त्यांतले चित्राच्या वाट्याला जास्तीत जास्त ४० येतात, हा झाला नळ. प्लेअरचा ड्राइव्ह डिस्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ५४ मेगाबिट वाचतो, म्हणजे वरचा थोडा वाव वाचनातल्या अडचणींसाठी राखलेला असतो. जुन्या डीव्हीडीचा नळ याच्या तुलनेत अगदीच बारीक होता: चित्राला ९.८ आणि सगळे मिळून १०.०८ मेगाबिट.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. दोन तासांचा चित्रपट म्हणजे ७,२०० सेकंद. नळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण सोडला, एकही सेकंद ४८ मेगाबिटच्या खाली गेला नाही असे मानले, तरी एकूण डेटा होतो ४३.२ जीबी. नियमात बसणारा दोन तासांचा चित्रपट एकट्याच्या बळावर ५० जीबीची डिस्क भरूच शकत नाही. तेव्हा उरलेल्या जागेत निर्मात्यांनी अर्ध्या तासाची निर्मितीकथा ठेवली, तर त्यांनी चित्रपटाच्या तोंडचा घास काढला असे म्हणता येत नाही. त्या जागेत दुसरे काही ठेवले नसते तर ती नुसतीच रिकामी राहिली असती. प्रत्यक्षात तर कोणताही चित्रपट सतत कमाल वेगाने लिहिलेला नसतो. स्थिर संवादाचा प्रसंग १५ मेगाबिटमध्ये भागतो आणि धो धो पावसातला पाठलाग ३८ पर्यंत जातो, त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटाची फाइल बहुधा २५ ते ३५ जीबीच्या दरम्यान असते.

सगळे बोनस एकाच तराजूत तोलणे

यानंतरची चूक अशी की बोनस म्हटले की सगळे एकाच जातीचे, असे धरले जाते. मेन्यूमधून स्वतंत्रपणे उघडणाऱ्या चित्रफिती, म्हणजे मुलाखती, गाळलेले प्रसंग, ट्रेलर वगैरे, या डिस्कवर वेगळ्या फाइली म्हणून पडून असतात. चित्रपट चालू असताना ड्राइव्ह त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यांना जागा लागते, पण चित्रपटाच्या प्रवाहातला एकही बिट त्या घेत नाहीत. काही डिस्कवर चित्रपटात मधेच एखादे चिन्ह उमटते आणि रिमोटचे बटण दाबले की चित्रपट थांबून त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाची छोटी फीत दिसते व संपल्यावर चित्रपट पुन्हा सुरू होतो. तीही याच जातीची, कारण ती फीत चालते तेव्हा चित्रपट चालत नसतो.

दिग्दर्शकाच्या टिप्पणीचा ध्वनिपट मात्र चित्रपटाच्या प्रवाहातच मिसळलेला असतो आणि आपण तो निवडला नाही तरी तो वाहतच असतो. त्याचे वजन मात्र अगदी हलके असते: दोन वाहिन्यांच्या डॉल्बी डिजिटल टिप्पणीला बहुधा १९२ किलोबिट, म्हणजे एका मेगाबिटच्या पाचव्या भागाहूनही कमी. उलट मूळ इंग्रजी आवाज २४ बिटच्या ५.१ वाहिन्यांत असंकुचित पीसीएम म्हणून दिला असेल, तर त्याला एकट्याला ६.९ मेगाबिट लागतात. टिप्पणीच्या नावाने बोटे मोडणारे आणि 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गमावलेल्या, आवाजाची मात्र हौसेने मागणी करणारे गृहस्थ मला नेहमी भेटतात. दोन्हींतला फरक छत्तीस पटींचा आहे, हे त्यांना सांगावे लागते.

खरा प्रश्न येतो तो पडद्यातल्या पडद्याचा, म्हणजे चित्रपट चालू असतानाच कोपऱ्यात दिसणाऱ्या दुसऱ्या चित्राचा. ब्ल्यू-रेच्या परिभाषेत याला 'बोनस व्ह्यू' म्हणतात. हे दुसरे चित्र दोन प्रकारांनी पुरवता येते. एकात ते चित्रपटाच्याच प्रवाहात मिसळलेले असते आणि मग त्याचा वाटा त्याच ४८ मेगाबिटमधून निघतो. दुसऱ्यात ते प्लेअरच्या स्थानिक साठ्यात, म्हणजे आतल्या मेमरीत किंवा मागे खोचलेल्या पेन ड्राइव्हवर उतरवलेले असते. तेव्हा डिस्कच्या प्रवाहावर त्याचा भार पडत नाही. पहिल्या प्रकाराचा हिशेब मांडून पाहू. ४८ मधून पीसीएम आवाजाचे ६.९, आणखी दोन भाषांच्या ६४० किलोबिटच्या डॉल्बी ध्वनिपटांचे १.३, टिप्पणीचे ०.२ आणि छोट्या चौकटीचे २ मेगाबिट धरून वजा केले, तर मुख्य चित्राला सुमारे ३७.६ मेगाबिटची कमाल मर्यादा उरते. चौकट नसती तर ती ३९.६ असती. हा फरक फक्त त्या मोजक्या क्षणांना जाणवू शकतो जिथे चित्राला खरोखर ३७ च्या वरची मागणी असते, आणि तिथेही कुशल एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून बसवणारी यंत्रणा, तो सहसा दिसू देत नाही.

एका डिस्कवर मूळ आणि वाढीव अशा दोन आवृत्त्या असल्या, तर सामाईक प्रसंग एकदाच ठेवून वेगळे प्रसंग सांध्यांवर जोडले जातात. त्या सांध्यांवर ड्राइव्हला उडी मारावी लागते व तेवढा काळ प्लेअर बफरमधल्या, म्हणजे आधीच वाचून ठेवलेल्या, साठ्यावर जगतो, म्हणून सांध्याच्या आसपास बिटरेट आवरता घ्यावा लागतो. अनेक कोनांतून पाहता येणाऱ्या चित्रफितींनाही हेच बंधन लागू पडते. जुन्या प्लेअरवर अशा सांध्यावर क्षणभर चित्र गोठते. ही खोड असते प्लेअरची, आणि फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर ती पुष्कळदा जाते.

चौकट बंद केली की बिट परत मिळतात असे मानणे

आमच्यातले एक सदस्य चित्रपट पाहण्याआधी न चुकता बोनस व्ह्यू बंद करत असत, "म्हणजे सगळी बँडविड्थ मुख्य चित्राला मिळते." हा समज गोड आहे, पण खरा नाही. मुख्य चित्राचे एन्कोडिंग डिस्क छापण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. प्लेअर त्यात घरबसल्या एकाही बिटची भर घालू शकत नाही. चौकट प्रवाहात मिसळलेली असेल तर ती बंद असतानाही ड्राइव्ह तिचा डेटा वाचतो आणि प्लेअर तो टाकून देतो. चौकट चालू असो वा बंद, मुख्य चित्र बिटाबिटाला तेच असते.

हे पडताळून पाहायचे तर अनेक प्लेअरच्या रिमोटवरचे 'डिस्प्ले' किंवा 'इन्फो' बटण दाबल्यावर पडद्यावर बिटरेटचा आकडा दिसतो. इथेही एक फसगत होते. काही प्लेअर फक्त मुख्य चित्राचा आकडा दाखवतात, काही चित्र आणि आवाज यांचे वेगवेगळे आकडे दाखवतात, तर काही सगळ्याची बेरीज दाखवतात. एका घरातल्या २८ ची तुलना दुसऱ्या घरातल्या ३५ शी करण्यापूर्वी हा आकडा नेमका कशाचा आहे ते प्लेअरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

संगणकाला ब्ल्यू-रे ड्राइव्ह जोडलेला असेल तर आणखी खोलात जाता येते. डिस्कवरच्या 'बीडीएमव्ही' या फोल्डरमधले 'स्ट्रीम' हे फोल्डर उघडले की एम२टीएस प्रकारच्या फाइलींची रांग दिसते. सर्वांत मोठी फाइल सहसा चित्रपटाची आणि लहानसहान फाइली बोनसच्या असतात. सांधे असलेल्या डिस्कवर चित्रपट अनेक फाइलींत विभागलेला असतो, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे. 'बीडीइन्फो' हा मोफत प्रोग्राम प्रत्येक ध्वनिपटाचा आणि चित्राचा बिटरेट स्वतंत्रपणे मांडून देतो. हाताने हिशेब करणाऱ्यांची इथे हमखास एक चूक होते. समजा विंडोजमध्ये फाइल ३१.५ जीबीची दिसते आणि चित्रपट २ तास ६ मिनिटांचा, म्हणजे ७,५६० सेकंदांचा आहे. ३१.५ ला थेट अब्जांनी गुणले तर उत्तर येते ३३.३ मेगाबिट. पण विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून ती फाइल खरे तर ३३.८ अब्ज बाइटची असते आणि सरासरी निघते ३५.८. याच कारणाने ५० जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४६.५ जीबीची दिसते आणि "दुकानदाराने फसवले" अशी ओरड होते. आणखी काटेकोर व्हायचे तर ब्ल्यू-रेच्या फाइलीत दर १८८ बाइटच्या पुडक्यामागे ४ बाइटचा वेळेचा शिक्का असतो. तो वगळला की सरासरी ३५ वर येते. एवढ्या बारकाव्याची गरज रोज पडत नाही, पण चहाच्या कपावरून वाद पेटला की हा शिक्का उपयोगी पडतो.

एचडी डीव्हीडीच्या काळातले वाद आजच्या डिस्कला चिकटवणे

बोनसमुळे चित्र बिघडते हा समज आभाळातून पडलेला नाही. २००६ मध्ये ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी हे दोन प्रतिस्पर्धी प्रकार बाजारात आले, तेव्हा या प्रश्नाला खरोखर धार होती. एचडी डीव्हीडीची दुपदरी डिस्क ३० जीबीची होती आणि तिच्या प्रवाहाची एकूण मर्यादा ३०.२४ मेगाबिट होती. वर मांडलेला हिशेब तिथे लावला, तर पीसीएम, दोन डॉल्बी ध्वनिपट, टिप्पणी आणि चौकट वजा जाता मुख्य चित्राला २० मेगाबिटही उरत नाहीत. त्यामुळे त्या डिस्क तयार करणाऱ्यांना निवड करावीच लागे; बरेच जण आवाजासाठी कमी जागेत भागणारा डॉल्बी डिजिटल प्लस वापरत आणि चौकटीला जागा करून देत. दुसरीकडे पडद्यातल्या पडद्यासाठी लागणारा दुसरा डिकोडर, म्हणजे दाबलेले चित्र उलगडणारा भाग, प्रत्येक एचडी डीव्हीडी प्लेअरमध्ये सुरुवातीपासून सक्तीचा होता, म्हणजे नळ बारीक असूनही सोय पहिल्या दिवसापासून होती.

ब्ल्यू-रेचे उलटे झाले. नळ मोठा, पण दुसरा डिकोडर १ नोव्हेंबर २००७ नंतर आलेल्या प्लेअरांनाच बंधनकारक झाला. त्याआधी काही डिस्कवर चौकट चित्रातच कायमची बसवलेली अशी चित्रपटाची दुसरी अख्खी प्रत ठेवली जाई. त्यात प्रवाहावर ताण येत नसे, पण जागा दुप्पट लागत असे आणि मग दोन्ही प्रतींचा सरासरी बिटरेट खाली आणावा लागे. 'बोनसमुळे चित्र बिघडले' ही तक्रार ज्या काळी न्याय्य होती तो हा काळ. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्ल्यू-रेची एकट्याची बाजू घेतली, फेब्रुवारीत तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली आणि ती लढाई संपली. आमच्याकडची वाक्ये मात्र अजून त्याच लढाईतली आहेत.

याच इतिहासातून आजही घडणारा एक घोटाळा निघतो. जुन्या बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून नोव्हेंबर २००७ च्या आधीचा प्लेअर स्वस्तात घेतला आणि डिस्कवरची चौकट उघडलीच नाही, तर डिस्क खराब आहे असे समजून ती परत करू नये. त्या प्लेअरमध्ये दुसरा डिकोडरच नसतो आणि बहुतेक यंत्रांत तो फर्मवेअरने घालता येत नाही. सोनीचे प्लेस्टेशन ३ हा ठळक अपवाद: त्याच्या प्रोसेसरमध्ये पुरेसा दम असल्याने २००७ च्या अखेरीस बोनस व्ह्यू आणि २००८ मध्ये बीडी-लाइव्ह (नेटवरून बोनस आणणे) या दोन्ही सोयी त्याला नुसत्या अपडेटने मिळाल्या.

अडखळले की बँडविड्थच कमी पडली, असे धरणे

या चुकीचा कबुलीजबाब मला स्वतःलाच द्यावा लागेल. काही वर्षांपूर्वी विसर्जन मिरवणुकीचे चित्रीकरण मी २५ जीबीच्या कोऱ्या ब्ल्यू-रेवर उतरवले. ६५ मिनिटांची मिरवणूक आणि मेन्यूत वेगळ्या ठेवलेल्या, ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींच्या २० मिनिटांच्या मुलाखती, असा तो ऐवज होता. एन्कोडरची खरी परीक्षा पाहायची असेल तर बेलबाग चौकातला गुलाल त्याच्यापुढे ठेवावा: हवेत उडणारा प्रत्येक कण वेगळ्या दिशेने जातो, मागे शेकडो डोकी हलत असतात, टिपऱ्यांच्या प्रत्येक ठोक्याला ढोलांच्या पानांवर प्रकाश थरथरतो आणि एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधण्याचे एन्कोडरचे सगळे कसब तिथे थिटे पडते. मी कमाल मर्यादा ३५ ठेवली होती आणि गुलाल उधळताच आकडा तिथे जाऊन टेकत असे.

मित्राच्या प्लेअरवर नेमक्या त्याच क्षणी चित्र गोठले. मी ठरवून टाकले की मुलाखतींनी घात केला. त्या काढून टाकल्या, नवी डिस्क जाळली (म्हणजे लेझरने लिहिली), पुन्हा लावली. त्याच चौकात, त्याच गुलालात चित्र पुन्हा गोठले. दोन कोऱ्या डिस्क वाया गेल्यावर मला सुचले ते आधी सुचायला हवे होते: वेगळ्या फाइलीत पडून असलेल्या मुलाखती मिरवणुकीच्या प्रवाहात कधी नव्हत्याच, मग त्या काढून काय साधणार? शेवटी तीच फाइल पेन ड्राइव्हवर घातली आणि त्याच प्लेअरला मागून जोडली. गुलाल उधळला आणि चित्र एकदाही अडखळले नाही. दोष डेटात नव्हता, डिस्क वाचण्यात होता. कोऱ्या डिस्कच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'एलटीएच' छापलेले होते. सेंद्रिय रंगाचा थर असलेल्या या स्वस्त डिस्क काही प्लेअरना नीट वाचता येत नाहीत, आणि मी ती घाईने सहापट वेगाने जाळलेली होती. साधी डिस्क आणून दुप्पट वेगाने जाळल्यावर मुलाखतींसकट सगळे सुरळीत चालले.

तरीही गोठणे गुलालातच का होत होते, हे समजून घेण्यासारखे आहे. डिस्क वाचताना चूक झाली की ड्राइव्ह तोच भाग पुन्हा वाचतो. १५ मेगाबिटच्या प्रसंगात बफर भरलेला असतो, म्हणून ही पुनर्वाचने आपल्याला कळतही नाहीत. ३५ च्या प्रसंगात बफर झपाट्याने रिकामा होतो आणि तीच किरकोळ चूक पडद्यावर उघडी पडते. त्यामुळे ओरखडा, बोटांचे ठसे, पावसाळ्यात लेन्सवर धरलेली ओल-धूळ यांची लक्षणे हुबेहूब बँडविड्थ कमी पडल्यासारखी दिसतात. दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एकाच डिस्कवर एकाच जागी अडखळत असेल तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी आणि ती दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहावी. सगळ्याच डिस्कवर गजबजलेल्या प्रसंगांत अडखळत असेल तर ड्राइव्हची लेन्स थकली आहे. सिनेमाच्या साधारण मध्यावर एकदाच क्षणभर थबकत असेल तर तो पहिल्या पदरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण असू शकतो. पेन ड्राइव्हची कसोटी करताना तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना ते पाहावे, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, बाहेरून जोडायचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह घ्यायला गेल्यावर "सिनेमासाठी यूएसबी ३ च लागेल" असे सांगितले जाते. यूएसबी २ ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात तिच्या निम्मी मिळाली तरी ५४ मेगाबिटचे वाचन त्यात सहज बसते. जाळण्याचा वेग हवा असेल तर गोष्ट निराळी.

आवाजाची सेटिंग विसरणे

बोनस व्ह्यूमुळे खरोखर काही गमावले जात असेल तर ते चित्रात नाही, आवाजात. आणि हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. चौकटीतला माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज चित्रपटाच्या आवाजात मिसळावा लागतो. ही मिसळ प्लेअरमध्ये होते, आणि त्यासाठी प्लेअरला आधी मूळ ध्वनिपट उलगडावा लागतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'सेकंडरी ऑडिओ', 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा अशाच नावाचा पर्याय चालू असेल आणि आवाज बिटस्ट्रीम रूपाने, म्हणजे न उलगडता, रिसीव्हरकडे (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राकडे) जात असेल, तर अनेक प्लेअर मिसळलेला आवाज साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवतात. ज्याच्यासाठी महागडा रिसीव्हर घेतला तो ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा लॉसलेस आवाज वाटेतच गळून पडतो, आणि तोही प्रत्येक डिस्कवर, चौकट उघडलेली असो वा नसो.

रिसीव्हरच्या तोंडावरची अक्षरे वाचली की हे लगेच समजते. डिस्कच्या वेष्टनावर ट्रूएचडी छापलेले असताना रिसीव्हर नुसता 'डॉल्बी डिजिटल' दाखवत असेल, तर आधी हा पर्याय बंद करावा. उलट तक्रारही येते: चौकट दिसते, त्यातला माणूस ओठ हलवतो, पण आवाज येत नाही. तेव्हा तोच पर्याय बंद असल्याने मिसळ होत नसते. दोन्ही हवे असेल तर प्लेअरचा एचडीएमआय आवाज पीसीएमवर ठेवावा. मग उलगडणे आणि मिसळणे प्लेअरच करतो आणि मिसळलेला आवाज न दाबता तारेतून जातो. ऑप्टिकल तारेने जोडलेल्यांना ही सोय नाही, कारण त्या तारेतून पीसीएम दोनच वाहिन्यांचा जातो आणि ट्रूएचडी मुळीच जात नाही.

नेटवरून येणाऱ्या बोनसची वाट पाहणे

बीडी-लाइव्हसाठी प्लेअरला किमान १ जीबी स्थानिक साठा लागतो आणि बऱ्याच प्लेअरमध्ये तो पेन ड्राइव्हच्या रूपाने आपणच द्यायचा असतो. साठा नसला की 'मेमरी अपुरी' असा संदेश येतो आणि लोक डिस्कला दोष देतात. शिवाय जुन्या डिस्कचे कितीतरी सर्व्हर आता बंद झालेले आहेत. प्लेअर त्यांना हाका मारत बसतो आणि डिस्क सुरू व्हायला उगाच वेळ लागतो. सेटिंगमध्ये हे जोडणे सरळ बंद करावे. डिस्क मुळीच न चालणे ही मात्र वेगळी गोष्ट: भारत ब्ल्यू-रेच्या 'सी' विभागात मोडतो, आणि परदेशातून नातेवाइकांनी आणलेली 'ए' विभागाची डिस्क इथल्या प्लेअरने नाकारली तर त्याचा बिटरेटशी काही संबंध नाही.

तक्रार खरी केव्हा असते

ती खरी असते तेव्हा दोष सहसा प्रवाहाचा नसून जागेचा असतो, आणि नेमके तिथेच आपले प्रेक्षक सापडतात, कारण आपल्याकडचे चित्रपट लांब असतात. तीन तासांचा चित्रपट २५ जीबीच्या एकपदरी डिस्कवर एकटा ठेवला तरी चित्र-आवाज मिळून सरासरी १८.५ मेगाबिटच मिळतात. त्यात तासाभराचे बोनस २० मेगाबिटने घातले की ९ जीबी गेले. उरलेल्या १६ जीबीत चित्रपटाची सरासरी १२ च्याही खाली येते. अशा डिस्कवर गाण्यातला उडता पदर, पाऊस, धूर यांत ठिपके दिसले तर वेष्टनामागची यादी वाचून रागावण्याचा पूर्ण हक्क पोहोचतो. त्याच चित्रपटाची ५० जीबीची डिस्क असेल, किंवा बोनससाठी पाकिटात वेगळी डिस्क दिलेली असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. मात्र सरासरीचा आकडा एकटाच न्याय करत नाही, हेही खरे: चित्र दाबण्याच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीतल्या सुरुवातीच्या डिस्कला २५ मेगाबिटमध्ये जे जमत नसे ते एव्हीसी या नव्या पद्धतीच्या चांगल्या एन्कोडिंगला १८ मध्ये जमते.

आता कोथरूडचे ते ठिपके. तो प्रसंग पुन्हा लावून आम्ही 'डिस्प्ले' बटण दाबले. प्लेअर चित्राचा बिटरेट दाखवत होता १३ ते १५, आणि चारच मिनिटांनी येणाऱ्या बाजारातल्या प्रसंगात तोच आकडा ३४ वर गेला. म्हणजे अंधाऱ्या खोलीत नळ अर्ध्याहून अधिक मिटलेला होता. बिट हवे असते तर ते घ्यायला भरपूर वाव होता. मग मी टीव्हीचा रिमोट मागून घेतला. चित्राची सेटिंग दुकानातून आली तशीच 'व्हिव्हिड' वर होती, तीक्ष्णपणा वर चढवलेला होता आणि काळा रंग उजळवणारी करामत चालू होती, त्यामुळे काळोखात दडून राहावे असे एन्कोडिंगचे सगळे खडे पृष्ठभागावर आले होते. 'सिनेमा' सेटिंग निवडली, तीक्ष्णपणा खाली आणला, आणि खोलीतला दिवा मालवून प्रसंग तिसऱ्यांदा लावला. ठिपके दिसले नाहीत. मित्राने डिस्कचे वेष्टन कपाटात परत ठेवले आणि उरलेला चित्रपट आम्ही कोपऱ्यातली चौकट चालू ठेवून पाहिला.